मडजीहून आणलेलं गाईचं कातडं

गेल्या पोस्टच्या फोटोत आमच्या हॉलमधला गालिचा दिसला आणि कमेंट्समध्ये निम्म्या लोकांनी तेवढंच विचारलं. कुठून घेतला, खरा आहे का, केवढ्याला पडला. दोघीतिघींनी 'अगं, गाईचं कातडं? तेही घरात?' असंही विचारलंय आणि त्यांचं काही चुकलं नाही. तर ही त्या गालिच्याची गोष्ट. सिडनीहून शनिवार-रविवारात होणारी सहल आहे, रस्ता सुंदर आहे, खाण्याची सोय बरी आहे. पण ज्यांना आज काहीतरी छान वाचायचंय त्यांनी सरळ माझ्या जुन्या पोस्टींकडे वळावं. ह्या सहलीत मला छान वाटलं नाही आणि वाटल्यासारखं लिहायची माझी इच्छाही नाही.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कोविडची साथ यायच्या जरा आधी आम्ही सिडनीत वेंटवर्थव्हिलला घर घेतलं. वास्तुशांतीसाठी आई फेब्रुवारीत आली, तीन महिन्यांच्या बोलीवर. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं, म्हणून ते दादाबरोबर एप्रिलमध्ये येणार होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली. आई इथे आणि बाबा पुण्यात दादा-वहिनींकडे, असं जे अडकलं ते अडकलंच. आईचं परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं. मग भारतात परत नेणाऱ्या खास विमानांसाठी तिचं नाव नोंदवलं आणि फोनची वाट बघत बसलो.

बाबांचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. किल्ल्या, चष्मा, दुधवाल्याचं नाव. आई जवळ होती तोवर तीच शब्द पुरवायची, त्यामुळे बाहेरच्यांना पत्ता लागत नसे. ती इकडे आली आणि बाबा भराभर उतरले. मे संपेपर्यंत त्यांनी बोलणं जवळजवळ थांबवलं. आई रोज व्हिडिओवर तासभर बोलायची, काय स्वयंपाक केला, इथे किती थंडी आहे, आणि पलीकडून नुसतं 'हं'. डॉक्टरांनी दादाला सांगितलं, काहीही करा पण त्यांना बोलतं ठेवा, बोलणं गेलं की माणसं ओळखणंही जाईल. ते ऐकल्यापासून आईला एकच धास्ती लागली. पोळी लाटतालाटता ती मध्येच थांबून मला विचारायची, 'मी पोचेपर्यंत हे मला ओळखतील ना गं?' मी 'ओळखतील' म्हणायचे. दुसरं काय म्हणणार होते?

आता बाबांच्या नोकरीबद्दल. बाबा चामड्याचे केमिस्ट. मुंबईत कातडी कमावायच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्य घालवलं. आमच्या नात्यात असली नोकरी करणारा तो एकच माणूस, आणि आईने ती कधी कुणाला कळू दिली नाही. विचारलं की 'ते केमिकल कंपनीत आहेत' हे उत्तर. आम्हा भावंडांनाही तेच पढवलेलं. बाबा संध्याकाळी आले की दारातून थेट न्हाणीघरात जायचे. त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी, डबा वेगळा घासायचा, आणि अंघोळ झाल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. घरात चामड्याची पर्स नाही, पाकीट नाही. पट्टासुद्धा दाराबाहेरच्या खुंटीला. आईचा हा नियम बाबांनी एकदाही मोडल्याचं मला आठवत नाही.

जूनमध्ये दुकानं पुन्हा गजबजली तेव्हा हॉलसाठी गालिचा बघायला मी आणि आई पॅरामॅटाच्या पुढे एका मोठ्या दुकानात गेलो. घरात सगळीकडे टाइल्स आहेत आणि सकाळी आईचे पाय गारठून जायचे. आई फोनवर बाबांना दुकान दाखवत चालली होती. भिंतीवर एक गाईचं कातडं टांगलेलं होतं, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. ते बघून आईने नाक मुरडलं आणि पावलं उचलली, तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

'थांबा. ते उलटं करून दाखवा.'

आई अशी दचकली की फोन पडता पडता राहिला. मी कातड्याचा कोपरा उचलला. बाबा म्हणाले, पाठ बघा, ठिपके रंगवलेले आहेत, केसांच्या मुळाशी रंग गेलेलाच नाही. मग म्हणाले, कडा वळल्यात, नीट तेल पाजलेलं नाही, दोन वर्षांत तडकेल. तिकडे दादा धावत आला आणि फोनच्या मागे उभा राहून ऐकत राहिला. दोन महिन्यांत बाबा एवढं बोलले नव्हते. आई मान डोलवत होती आणि डोळे पुसत होती. जन्मभर जे ऐकायला तिने नकार दिला होता ते ती दुकानात मधोमध उभी राहून ऐकत होती. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी म्हटलं, चल, इंडियन दुकानात सामान घेऊन जाऊ. ती म्हणाली, 'अजून कुठे मिळतात गं ही कातडी?'

मग आमचे शनिवार सुरू झाले. सिडनीत जिथे जिथे गाईची कातडी मिळतात तिथे तिथे आम्ही फोन घेऊन गेलो. ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांच्यासाठी बाबांनी सांगितलेलं इथे लिहिते. खऱ्या कातड्याची मागची बाजू मऊ आणि मखमली असते, तिथे कापडाची वीण दिसता कामा नये. दोन कातडी कधीच सारखी नसतात. दुकानात एकाच ठिपक्यांची तीन दिसली तर ती छापील समजा. आकार दोन्हीकडे अगदी सारखा असेल तर कापून नीट केलाय. पाठीकडचा भाग जाड, पोटाकडचा पातळ, आणि केसांची दिशा पाठीच्या कण्यापासून दोन्ही बाजूंना उतरत जाते. चिमटीत केस धरून ओढा, हातात यायला नकोत. हलकं दुमडा, कुरकुर आवाज आला तर परत ठेवा. आणि तीव्र वास आला तर काम कच्चं झालंय. चांगल्या कातड्याला वास जवळजवळ नसतो.

पण सिडनीतल्या दुकानांतला माल साधारण एकाच जातीचा निघाला, बराचसा दक्षिण अमेरिकेतून आलेला. चौथ्या दुकानात बाबा नुसते 'चांगलं आहे' म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. पहिल्या दुकानातली मुलगीही आम्हाला ओळखायला लागली होती आणि तिच्या 'कॅन आय हेल्प यू'चा सूर बदलला होता. त्या रात्री आई जेवली नाही. मी चिडून नेटवर शोधत बसले. माझी चीड कुणावर होती कोण जाणे, बहुधा सगळ्याच सरकारांवर. शोधताना मडजी गावाच्या पुढे, शेतावरच्या एका शेडमध्ये कातडी विकणारी बाई सापडली. केरी तिचं नाव. फोटोत छतापर्यंत ढीग दिसत होते. मी फोन केला आणि खरं काय ते सांगून टाकलं. वडील भारतात आहेत, कातड्यांतले जाणकार आहेत, त्यांना व्हिडिओवर दाखवायचंय, आणि ते आपल्या दुपारीच नीट बोलतात. ती म्हणाली, शनिवारी लवकर बंद करते पण तुमच्यासाठी थांबेन, 'नो वरीज, लव्ह'.

हे दुपारचं गणित नीट जमवावं लागायचं. हिवाळ्यात पुणं आमच्या साडेचार तास मागे असतं. बाबा सकाळचा चहा झाला की अंघोळीपर्यंत बरे असायचे, मग दिवसभर धुक्यात. म्हणजे आमचे साडेबारा ते तीन एवढाच वेळ हाताशी. समीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ऑफिसची ऑन-कॉल ड्युटी होती म्हणून तो घरी थांबला. आम्ही दोघीच निघालो.

शनिवारी सकाळी सातला निघालो. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेतला होता. साथीच्या दिवसांत हे बरं पडतं, वाटेतल्या कॅफेंमध्ये आत बसायला मोजक्याच खुर्च्या होत्या. पेनरिथ ओलांडून डोंगर चढायला लागलो की ब्लू माउंटन्सची गावं एकामागून एक येतात. कटूंबाला धुकं होतं. मी थांबूया म्हटलं, व्ह्यू बघ. आई म्हणाली, पुण्यात आता पहाटेचे चार वाजलेत, हे झोपले असतील. तिने खिडकीची काचसुद्धा खाली केली नाही.

लिथगोच्या अलीकडे उन्हाळ्यातल्या वणव्यांची जळलेली झाडं लागतात. खोड कोळशासारखं काळं आणि त्याच्या अंगावर बुंध्यापासून हिरवी लव फुटलेली. लोक थांबून फोटो काढत होते, पुन्हा जीव धरतंय म्हणून. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ह्या झाडांना काय, ती जागच्या जागी आहेत. लिथगोला पेट्रोल भरून घ्या, त्या दिवसांत मातीमोल भावात मिळत होतं. तिथून मडजीचा फाटा उजवीकडे. केपर्टीच्या वरच्या वळणावर थांबायला जागा आहे, खाली प्रचंड दरी आणि तिच्या चहूबाजूंनी खडकांच्या भिंती. तिथे आम्ही पुऱ्या खाल्ल्या. वारा असा की चहा कपात ओतेपर्यंत निवला. हा रस्ता संध्याकाळी चालवू नका, कांगारू आडवे येतात, कडेला मेलेले मी सहा-सात तरी पाहिले. मोबाईलची रेंजही इथे मधूनमधून जाते आणि रेंज गेली की आई फोन असा हलवायची, जणू त्यानेच आमचं वाकडं केलंय.

मडजी टुमदार गाव आहे. रुंद रस्ते, जुनी दगडी चर्चं, वाइनची दुकानं. मुख्य रस्त्यावर एका बेकरीत भाज्यांचा पाय मिळाला, शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावा. केरीची शेड गावाबाहेर वीसेक मिनिटांवर, शेवटचा तुकडा मातीचा आणि खडबडीत, पण साधी गाडी जाते. केरी साठीची, गमबूट घातलेली, आवाज मोठा. दारातल्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती, ती दाखवून ती लांब उभी राहिली. शेडमध्ये रेंज नव्हती. तिने घरचं वायफाय जोडून दिलं, पासवर्डही मोठ्याने ओरडून सांगितला.

बरोबर साडेबाराला दादाने फोन उचलला. बाबा खुर्चीत होते, खांद्यावर टॉवेल, दाढी दादाने केलेली. पुण्यात परत लॉकडाऊन लागला होता आणि मागे रस्ता इतका शांत होता की कावळे ऐकू येत होते. आईने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः कातडी उचलायला लागली. केरी मदतीला आली. साड्यांच्या दुकानात घड्या मोडून एकावर एक टाकतात तशी त्या दोघी कातडी टाकत गेल्या. काळी, तांबूस, राखी, पट्ट्यापट्ट्यांची. ज्या बाईने जन्मात चामड्याला बोट लावलं नव्हतं ती दोन्ही हातांनी कातडी उलटीपालटी करत होती आणि बाबा बोलत होते. ह्याला मीठ जास्त झालंय. ह्याला बाभळीच्या सालीचं पाणी दिलं असतं तर बघायला नको. ते खालचं काढा. नाही, त्याच्याही खालचं.

मी सुखावून फोन ढिगाच्या आणखी जवळ नेला. केरीने विचारलं, काय म्हणतायत? मी भाषांतर केलं तर ती म्हणाली, खरंय, तो लॉट तसाच आला.

अगदी तळाशी एक तपकिरी-पांढरं होतं. त्याच्या कुशीवर हातभर लांबीचा एक व्रण, तिथे केस उलट्या दिशेने उगवलेले. केरी म्हणाली हे दुय्यम म्हणून बाजूला ठेवलं होतं. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

'हे घ्या बाई. तारेचा ओरखडा आहे, पण भरून आलाय. जगलेलं जनावर आहे हे. डाग नसलेलं घेऊ नका.'

'घेते,' आई म्हणाली. तिचा चेहरा लग्नाच्या फोटोत आहे तसा झाला होता. बाबा तिची थट्टा करतायत असंच तिला वाटलं. मलाही तेच वाटलं.

'पण घरी विचारलंय का?' बाबा म्हणाले. 'नंतर कटकट नको. आमच्याकडे नाही चालत. बायकोला आवडत नाही.'

आई हसली. 'आता चालेल तिला.'

'नाही हो, तुम्हाला कल्पना नाही. पट्टासुद्धा बाहेर ठेवतो मी. घरी गेलो की ती तोंड फिरवते. मी आपला मुकाट्याने न्हाणीघरात जातो.' बाबा हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. दुकानात भेटलेल्या भल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते.

आईने हातातलं कातडं खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन फोन स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला. 'अहो, मी सुधा.'

बाबांनी बघितलं. नीट बघितलं, डोळे बारीक करून. दादा मागून म्हणाला, बाबा, आई आहे. बाबा म्हणाले, 'हं.' आणि झालं. खांदे खाली आले, नजर खिडकीकडे गेली. आईने त्यांना दोनदा हाक मारली, माझं नाव घेतलं, वास्तुशांतीला कोण कोण आलं होतं ते सांगायला लागली. हं. हं. आम्ही सगळे शनिवार ज्यांच्याशी बोलत होतो ते बाबा आमच्याशी बोलतच नव्हते. कुणीतरी परक्या बाईला माल दाखवत होते. एवढं स्पष्ट होतं सगळं आणि आम्ही आनंदाच्या भरात काही ऐकलंच नव्हतं.

दादा फोन ठेवायला निघाला होता. आईने त्याला थांबवलं. पदर सारखा केला, दोन पावलं मागे गेली, ते व्रणाचं कातडं पुन्हा उचललं आणि दुकानात विचारतात त्या आवाजात म्हणाली, 'बरं साहेब, मग ह्याची निगा कशी राखायची?'

बाबांनी मान वळवली. 'उन्हात टाकू नका,' ते म्हणाले. 'आणि पाण्याने धुवायचं नाही, बाई. ओल्या फडक्याने पुसायचं, केसांच्या दिशेने.'

ते बोलत राहिले आणि आई विचारत राहिली. मी फोन एका ढिगावर टेकवून बाहेर आले आणि गाडीला पाठ लावून रडले. आतून दोघांचे आवाज येत होते, अगदी व्यवस्थित, एखाद्या चांगल्या व्यवहारासारखे. थोड्या वेळाने केरी चहाचा मग घेऊन आली, तो तिने लांबून बॉनेटवर ठेवला आणि काही न विचारता परत गेली.

कातडं तिने दुय्यम मालाच्या भावात दिलं, सिडनीत दिसलेल्या छापीलपेक्षाही स्वस्त. घडी घालू नका, गुंडाळूनच न्या, हे तिनेही सांगितलं. मडजीत मोटेल बरं होतं, स्वच्छ, हीटर चालणारा, साथीमुळे निम्म्या दरात. पिझ्झा आणून खोलीत खाल्ला. गालिचा आवडला का एवढंच आईने मला विचारलं, आणि लवकर आडवी झाली.

रविवारी आम्ही सोफालाच्या रस्त्याने बाथर्स्टकडे निघालो. हा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, घाई असेल तर आलात तसेच परत जा. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. इलफर्डच्या पुढे कुंपणापाशी गाई उभ्या होत्या आणि आई म्हणाली, थांबव. आम्ही उतरलो. इथल्या गाई चौकस असतात, माणूस दिसला की हळूहळू येऊन ओळीने उभ्या राहतात. आई एरवी गाय दिसली की हात लावून कपाळाला लावते, हॅरिस पार्कच्या इंडियन दुकानांत मिठाईच्या डब्यावरच्या चित्रालासुद्धा. त्या दिवशी तिने हात शालीतच ठेवले.

'मृणाल, तुझ्या बाबांच्या अंगाला वास यायचाच नाही गं,' ती म्हणाली. 'कारखान्यातून अंघोळ करूनच निघायचे ते. साबणाचा वास यायचा फक्त. मला माहिती होतं.'

मी विचारलं, मग कशासाठी?

तिने सांगितलं. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या थांबतील म्हणून. आत्या लग्नातच म्हणाली होती, आमच्या भावाने काय हे धंदे शोधले, म्हणून. एकदा नियम केला आणि मग तो सैल करायचा तर आपण आधी चुकलो असं होईल, म्हणून. आणि पुढे पुढे काहीच कारण नव्हतं, सवय होती. बाबा रिटायर झाले त्या दिवशी ती म्हणणार होती की उद्यापासून पट्टा आत ठेवा. पण ते म्हणायचं राहिलं, कारण उद्यापासून त्यांना पट्टाच लागणार नव्हता. 'मला वाटलं, आता वेळच वेळ आहे,' आई म्हणाली. 'त्यांचं सगळं गेलं गं. माझं नाव गेलं, तोंड गेलं. आणि हेच राहिलं.'

एक गाय कुंपणाच्या तारेवर मान घासत होती. आम्ही गाडीत बसलो, बाथर्स्टला न थांबता घरी आलो आणि साडेबाराची वेळ गाठली. आईने हॉलमध्ये कातडं पसरलं, स्वतः लांब बसली आणि फोन लावून म्हणाली, 'नमस्कार साहेब, काल तुमच्याकडून माल घेतला होता.'

सप्टेंबरपर्यंत हेच चाललं. रोज एक प्रश्न. कधी झुरळं-कसर लागू नये म्हणून काय करायचं, कधी नवीन घ्यायचं तर कोणत्या ऋतूतलं. उत्तरं संपली की आई तेच प्रश्न पुन्हा विचारायची, बाबांना काही फरक पडत नसे. एकदा त्यांनी आपणहून विचारलं, बाई, तिकडे थंडी फार आहे का. त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एका सकाळी फोन आला, जागा मिळाली आहे, तीन दिवसांत निघा. विमानतळावर आत सोडायला परवानगी नव्हती. फेस शील्ड आणि मास्कच्या मागे आई ओळखूसुद्धा येत नव्हती, ती कोणत्या रांगेत आहे हे मी साडीच्या रंगावरून शोधत होते. दिल्लीला विलगीकरण, मग पुणे. दादा म्हणाला, आई दारातून आली तेव्हा बाबा उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि तिला बसायला आपली खुर्ची दिली. मग दादाला बाजूला घेऊन विचारलं, ह्या कोण? दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ वाजले, म्हणजे आमचे साडेबारा, रोजची वेळ झाली, आणि ते फोनकडे बघत बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, आज त्या ऑस्ट्रेलियातल्या बाईंचा फोन नाही आला. आई त्यांच्या शेजारी बसली होती.

तर गालिच्याचं विचारलं होतंत. छान आहे, उबदार आहे, आठवड्यातून एकदा केसांच्या दिशेने व्हॅक्यूम करते, उन्हात टाकत नाही. घ्यायचा असेल तर मडजीपर्यंत जरूर जा. माझ्याकडे तो मुख्यतः कॅमेऱ्यासमोर असतो. रोज दुपारी मी त्याचा फोटो पुण्याला पाठवते, व्रणाच्या बाजूने, कारण विषय तिथून सुरू होतो. आई तो बाबांपुढच्या फोनवर पाठवते, बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेते आणि हॉलमध्ये बसलेल्या बाबांना तिथून फोन करते. परवा मी तिला म्हटलं, आता एवढी पोचलीस, दार उघडून त्यांच्याजवळ जाऊन का बसत नाहीस?

'जवळ बसले की गप्प होतात गं,' ती म्हणाली.